ऐरोली सोडून फाल्केनस्टाइन : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, यांस



२०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात राज्याने डेटा सेंटरांना वीज शुल्कापासून मुद्रांक शुल्कापर्यंत सवलती देऊ केल्या. केंद्राने त्याआधीच, ऑक्टोबर २०२२मध्ये, मोठ्या डेटा सेंटरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे ऐरोली, रबाळे, महाप्याला आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. देशातली सर्वाधिक डेटा सेंटर क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत मिळून आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. हे सगळे आपल्या दाराशी असताना सांगलीचा एखादा लहान प्रकाशक किंवा नाशिकचे एखादे जुने वाचनालय स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घ्यायला निघाले, की जर्मनीतल्या फाल्केनस्टाइन नावाच्या लहानशा गावातला सर्व्हर का घेते?

लहान संस्थांचे सर्व्हर लावून देणे आणि सांभाळणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. सर्व्हर जर्मनीत घ्या, असा सल्ला पुष्कळदा मीच देतो, आणि तो देताना दरवेळी थोडी चरफड होते. म्हणून हे पत्र.

फाल्केनस्टाइनमध्ये हेट्झनर या कंपनीचे डेटा सेंटर आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या कंपनीचे मुख्यालय बव्हेरियातल्या गुंझेनहाउझेनला आहे. आधीच्या ग्राहकाने सोडलेली मशीन्स ती उलट्या लिलावात मांडते. बोली चढत नाही, भाडे उतरत जाते. उतरत्या भाड्यात ज्याला परवडेल तो उचलतो, आणि अशा मशीनला सेटअप फी नसते. चार-सहा वर्षे जुना डेस्कटॉप दर्जाचा प्रोसेसर, ६४ जीबी मेमरी, दोन डिस्क आणि १ जीबीपीएसचा पोर्ट, हे सगळे कित्येक वर्षे महिन्याला ४० युरोच्या आतबाहेर मिळत आले आहे. फ्रान्समधल्या रुबे शहरातल्या ओव्हीएच कंपनीने याहून खालच्या थराचा बाजार उघडला. तिच्या किमसुफी मालिकेत इंटेलचा अ‍ॅटम एन२८०० हा नेटबुकातला प्रोसेसर आणि १०० एमबीपीएसचा पोर्ट देऊन खरोखरच चिल्लर भावात सर्व्हर मिळत असे. चैन नव्हती, पण आख्खे मशीन आपले. शेजाऱ्याने त्याच्या साइटवर काय गोंधळ घातला, याची झळ आपल्याला बसत नाही. स्वतंत्र सर्व्हर घेण्यामागचे मुख्य कारण हेच असते.

या मशीन्सची तुलना करायला बसले, की जाहिरातीतला पहिला आकडा पोर्टचा असतो. ‘१ जीबीपीएस पोर्ट’ वाचून ग्राहकाला वाटते, आपल्याला तेवढा वेग मिळणार. चाळीतल्या नळाला दोन इंची पाइप बसवला तरी पाणी वरच्या टाकीच्या हिशेबानेच येते. रॅकमधल्या तीस-चाळीस मशीन्सना मिळून पुढे किती रुंद मार्ग दिला आहे, हे जाहिरातीत कुठेच नसते. पोर्टच्या आकड्याशेजारी छापलेला ट्रॅफिकचा आकडा त्यामुळे जास्त बोलका. १ जीबीपीएसची तार महिनाभर पूर्ण भरून वाहिली तर ३२४ टीबी होतात. हेट्झनरच्या जर्मनीतल्या स्वतंत्र सर्व्हरच्या १ जीबीपीएस पोर्टवर ट्रॅफिकची मोजदादच नाही. आपल्याकडच्या स्वस्त योजनांत मात्र तोच पोर्ट देऊन महिन्याला १ टीबीची मर्यादा घातलेली दिसते. पूर्ण वेगाने वापरले तर १ टीबी सव्वादोन तासांत संपते, आणि महिनाभर पुरवायचे तर सरासरी वेग पडतो ३ एमबीपीएस. म्हणजे दारावर १ जीबीपीएसची पाटी आणि आत ३ एमबीपीएसचा माल. यात बेकायदा काही नाही, बारीक अक्षरांत सगळे लिहिलेले असते. पण पाटीवरून दुकानाची तुलना करता येत नाही, एवढे तरी आपण मान्य कराल.

ही मर्यादा विक्रेत्यांच्या कंजूषपणातून येते असेही नाही. हेट्झनरच्या युरोपातल्या साध्या क्लाउड सर्व्हरवर महिन्याला २० टीबी मिळतात. त्याच कंपनीच्या सिंगापुरातल्या सर्व्हरवर त्याहून कितीतरी कमी. ओव्हीएच युरोपात स्वतंत्र सर्व्हरचे ट्रॅफिक मोजत नाही, आशिया-पॅसिफिकमध्ये मोजते. आणि २०२३पासून तिचे डेटा सेंटर मुंबईतही आहे. कंपनी तीच, मशीनही त्याच घडणीचे, तरी आशियात आल्याबरोबर हात आखडतो. म्हणजे महाग आहे ती बाहेर जाणारी बँडविड्थ. सवलतीचे धोरण जमीन आणि विजेवर बेतलेले आहे, आणि लहान ग्राहकाची अडचण तिसऱ्याच जागी आहे.

तिकडे ती स्वस्त का, ते पाहा. फ्रँकफर्टला डीई-सीआयएक्स हे एक्स्चेंज १९९५पासून आहे. तिथे शेकडो नेटवर्क एका ठिकाणी येऊन एकमेकांचे ट्रॅफिक थेट देतात-घेतात, बऱ्याचदा बिल न लावता. त्यामुळे मध्यस्थाची बँडविड्थही तिथे स्वस्त राहते. आपल्याकडे निक्सी ही एक्स्चेंज चालवणारी संस्था २००३मध्ये निघाली. कारणही चांगले होते : दोन भारतीय कंपन्यांमधले ट्रॅफिक परदेशात वळसा घालून परत येत होते, ते देशातच वळवायचे. आज डीई-सीआयएक्स स्वतः मुंबईत एक्स्चेंज चालवते. पण आपला बहुतेक वाचक दोन-तीन बड्या मोबाइल कंपन्यांच्या मागे बसलेला आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर लहान होस्टिंगवाल्याला शेवटी त्याच कंपन्यांकडून बँडविड्थ विकत घ्यावी लागते. ती त्याला महाग पडते, मग ग्राहकालाही पडते. हे गणित मंत्रालयातून एका दिवसात बदलणार नाही, याची मला कल्पना आहे.

मग सगळ्यांनी जर्मनीलाच जावे का? नाही, आणि याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद ही निसर्गानेच आखलेली सीमा. केबल सरळ जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्तची जमीन, भूमध्य समुद्र, मग मार्सेय आणि तिथून वर, असा तिचा प्रवास. त्यामुळे चांगल्या दिवशी ११० ते १३० मिलिसेकंद लागतात. पुण्याहून नवी मुंबईतल्या सर्व्हरला, रस्ता नीट असेल तर, ४-५ मिलिसेकंद.

एखादे वेबपान उघडताना आधी टीसीपीची ओळखपाळख होते, मग एन्क्रिप्शनची, मग पानाची मागणी. टीएलएस १.३ वापरले तरी पहिला बाइट यायच्या आधी तीन फेऱ्या होतात. जर्मनीशी तीन फेऱ्या म्हणजे एक तृतीयांश सेकंदाहून जास्त, आणि नवी मुंबईशी बोलायला नको इतके थोडे. त्यापुढे सर्व्हर पहिल्या दमात साधारण १४ केबीच पाठवतो आणि पोच मिळाल्यावर दुप्पट करत जातो. १०० केबीचे पान यायला आणखी दोन-तीन फेऱ्या लागतात. इथे पोर्ट १ जीबीपीएसचा असो की १० जीबीपीएसचा, वाचकाला काडीचाही फरक जाणवत नाही. कविता, लेख, सभासद-नोंदणीचा अर्ज अशा साइटसाठी वेग म्हणजे जवळपास सगळा मिलिसेकंदांचाच मामला.

मोठ्या फायलींचे गणित निराळे, आणि तिथे बहुतेकांची फसगत होते. १ जीबीपीएसची तार १२० मिलिसेकंदांच्या अंतरावर भरलेली ठेवायची, तर कोणत्याही क्षणी १५ मेगाबाइट माल वाटेत असावा लागतो. लिनक्स सर्व्हरची मूळ मांडणी एका जोडणीला पाठवण्यासाठी जास्तीत जास्त ४ मेगाबाइटचा बफर देते. तेवढ्यावर, मधे काहीही बिघडले नाही तरी, एका जोडणीला २८० एमबीपीएसच्या वर जाता येत नाही. पॅकेट गळू लागले की गाडी आणखी घसरते. १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधे सूत्र मांडले : वेग हा अंतराच्या आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा हजारांत एक पॅकेट गळाले, तर त्या सूत्राप्रमाणे १२० मिलिसेकंदांवर एका जोडणीला १२ एमबीपीएसच्या आसपास मिळतात. तेवढीच गळती ४ मिलिसेकंदांवर असेल तर साडेतीनशेच्या वर. आजच्या पद्धती थोड्या बऱ्या आहेत. गूगलने २०१६मध्ये आणलेली बीबीआर अशा लांबच्या रस्त्यावर पुष्कळ सावरून घेते, आणि जर्मनीतला सर्व्हर लावताना मी बफर वाढवून ती चालू करतोच. पण दोन जागांचा आकडा एकमेकांशेजारी ठेवताना ‘सर्व्हर मंद आहे’ असा निकाल द्यायची घाई करू नये. बऱ्याचदा सर्व्हर निर्दोष असतो आणि रस्ता लांबचा.

आता चाचणीकडे वळतो, कारण माझी मागणी तिच्याशीच बांधलेली आहे. नवा सर्व्हर मिळाला, की बहुतेक लोक त्यावर स्पीडटेस्ट चालवतात. ती जवळात जवळ असलेले चाचणी-केंद्र शोधते, बहुधा त्याच शहरातले, कधीकधी त्याच इमारतीतले. उत्तर ९४० एमबीपीएस. १ जीबीपीएस इथरनेटवर टीसीपीला मिळण्याजोगा वेग तेवढाच असतो, म्हणजे आकडा खरा आहे. फक्त तो रॅकपासून गल्लीच्या टोकापर्यंतचा आहे. अकोल्यातल्या वाचकाला काय मिळणार, याबद्दल तो अक्षरही सांगत नाही.

चाचणी वाचकाच्या टोकाकडून करावी लागते, तीही सर्व्हरकडून आपल्याकडे येणाऱ्या दिशेने, कारण वाचक मागतो थोडे आणि घेतो जास्त. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनात त्यासाठी उलट दिशेचा पर्याय आहे. विसरला तर अपलोडचा आकडा डाउनलोड म्हणून मिरवला जातो. पॅकेटचा रस्ता दाखवणारे एमटीआर दोन्ही टोकांकडून चालवावे, कारण जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल याची कुणी हमी दिलेली नाही. जिओ, एअरटेल, बीएसएनएल, आणि गावातला केबलवाला देतो ते ब्रॉडबँड, या सगळ्यांवरून वेगवेगळे पाहावे. एकावरून नवी मुंबई चार मिलिसेकंदांवर असते आणि दुसऱ्यावरून तेच पॅकेट सिंगापूर पाहून येते. आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीची चाचणी वेगळी घ्यावी. जिओ २०१६मध्ये सुरू झाली तीच आयपीव्ही६वर, त्यामुळे आपला मोबाइलवरचा वाचक मोठ्या संख्येने तिथेच आहे, आणि त्याचा रस्ता आयपीव्ही४च्या रस्त्याहून निराळा असू शकतो. स्वस्त देशी होस्टिंगवाल्यांना आयपीव्ही६ मागितले की अजूनही ‘त्याची गरज काय?’ असे उत्तर येते.

वेळही महत्त्वाची. आपल्या रात्रीच्या नऊ वाजता जर्मनीत हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. तिकडची गर्दी सुरू होईतो आपला वाचक झोपलेला. म्हणून जर्मनीतल्या सर्व्हरबद्दल ‘संध्याकाळी मंद होतो’ अशी तक्रार आली, तर गर्दी बहुधा आपल्या बाजूला किंवा मधल्या केबलवर असते. केबलचे दुखणे तर वेगळेच. २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या, आणि २००८मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यापाशी तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट कसे रडतखडत चालले, हे त्या काळी काम करणाऱ्यांना विचारावे.

सेटअपच्या बाबतीत मात्र परदेशी स्वस्त सर्व्हर आपल्या महागड्या सर्व्हरला लाजवतात. रेस्क्यू मोड हे त्याचे मर्म. डिस्कवर काहीही नसले, किंवा फायरवॉलच्या एका चुकीच्या ओळीने दरवाजे बंद झाले, तरी मशीन नेटवर्कवरून एका तात्पुरत्या लिनक्समध्ये उठते आणि आपण आत शिरून दुरुस्ती करतो. हेट्झनरकडे तिथूनच एका साध्या आज्ञेने हवी ती प्रणाली, हवी ती विभागणी आणि दोन्ही डिस्कवर एकच माल ठेवणारे रेड १ बसवता येते. कुणाला फोन करावा लागत नाही. सर्व्हर ताब्यात आला, की मी आधी डिस्कच्या तब्येतीचे स्मार्ट अहवाल वाचतो. लिलावातल्या मशीनमधली डिस्क चाळीस हजार तास चाललेली असू शकते. अशी डिस्क बदलून मागायची तर माल चढवण्याआधी. आणि बॅकअप दुसऱ्या शहरात, शक्य तर दुसऱ्या कंपनीकडे. १० मार्च २०२१च्या मध्यरात्री ओव्हीएचच्या स्ट्रासबुर्गमधल्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले.

आता आपल्याकडे पाहा. ज्या इमारतींना सवलती मिळतात, त्यांचा ग्राहक बँक, मोठी क्लाउड कंपनी किंवा टेलिकॉम कंपनी. जागा विकली जाते ती किलोवॅटच्या हिशेबाने. एक मशीन मागणाऱ्यासाठी तिथे खिडकीच नाही. तो जातो त्या इमारतीत दोन-चार रॅक घेऊन बसलेल्या मध्यस्थाकडे. अशा मध्यस्थांकडे मला आलेला अनुभव साधारण एकसारखा. दर विचारले की फोन नंबर मागतात, मग विक्रीवाल्याचा फोन येतो, मग दरपत्रक, मग ‘साहेबांशी बोलून सांगतो’. चाचणीसाठी आयपी पत्ता मागितला, तर आधी पैसे भरा. मशीन मिळते ते त्यांनी बसवलेल्या प्रणालीसह. रूटचा पासवर्ड साध्या ईमेलमध्ये. रेस्क्यू नाही, कन्सोल नाही, प्रणाली पुन्हा बसवायची तर तिकीट टाका आणि सोमवारची वाट पाहा. ओळखपत्रे घेण्याबद्दल मी कुरकुर करत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने ग्राहकाची माहिती पाच वर्षे ठेवणे त्यांना भागच आहे. पण पाच वर्षे माझी माहिती ठेवणाऱ्याने त्याच्या नेटवर्कची पाच मिनिटांची माहिती मला का देऊ नये?

जर्मनीत घेण्यातही कटकटी आहेतच. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे परदेशी कंपनीला कार्डातून दरमहा आपोआप पैसे जाणे अडू लागले, आणि पैसे अडले की सर्व्हर बंद. ट्रस्टच्या हिशेबनिसाला युरोतले बिल समजावून सांगणे हा स्वतंत्र व्यायाम. तरीही लोक तिकडे जातात, कारण तिकडे घेण्याआधी पाहता येते. प्रत्येक ठिकाणच्या डेटा सेंटरची चाचणी-फाइल आणि पत्ता उघड ठेवलेला असतो. नाशिकमध्ये बसून, एक पैसा न देता, माझ्या वाचकाच्या जोडणीवरून मी फाल्केनस्टाइन, न्युरेम्बर्ग आणि हेलसिंकी यांची तुलना करू शकतो. ऐरोलीची करू शकत नाही.

म्हणून, महोदय, माझी मागणी पैशांची नाही. ज्या डेटा सेंटरला राज्याची सवलत मिळते, त्याच्या छताखाली सर्व्हर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने एक चाचणी-पत्ता आणि एक चाचणी-फाइल दोन्ही आयपी पद्धतींवर उघडी ठेवावी, नोंदणीशिवाय. पोर्टच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, हमीचा वेग आणि महिन्याचे ट्रॅफिक छापावे. एमटीआरची सोय असलेले लुकिंग ग्लास, म्हणजे त्यांच्या बाजूने रस्ता पाहू देणारे वेबपान, चालवावे. त्याला लागणारे मशीन किती लहान असते, हे आपल्या विभागातले कुणीही सांगेल. सवलतीच्या अटींत हे दोन-तीन ओळींत बसते. होस्टिंगचे दर ठरवणे राज्याच्या हातात नसेल, पण सवलत कोणत्या अटीवर द्यायची हे आहेच. हे आकडे उघड झाले की मध्यस्थांत स्पर्धा लागेल, आणि बड्या टेलिकॉम कंपन्यांचे ट्रॅफिक नेमके कुठे वळसा घेते तेही दिसेल.

दुसरी गोष्ट आपण कुणाला न विचारता करू शकता. युरोपच्या राइप संस्थेचा अ‍ॅटलस नावाचा मापन-प्रकल्प २०१०पासून चालू आहे. तळहातावर मावेल एवढे उपकरण राउटरला जोडायचे, की ते तिथून पिंग आणि ट्रेसरूट मोजत राहते आणि निकाल सगळ्यांना पाहता येतात. वेगाचा आकडा ते देत नाही, पण रस्ता आणि मिलिसेकंद चोख देते, आणि वर सांगितल्याप्रमाणे आपल्या कामाचे तेच आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात असे एकेक उपकरण, जमल्यास दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडणीवर, बसवावे. तिथल्या मुलांना शिकायला खरा विदा मिळेल. गडचिरोलीहून नवी मुंबई किती लांब आहे आणि फ्रँकफर्ट किती, हे आम्हाला अंदाजाने सांगावे लागणार नाही.

चाचणी-पत्ता कसा असावा, कोणते आकडे कोणत्या वेळी घ्यावेत, याचा दोन पानी मसुदा मी तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने कळवले तर पाठवतो.

आपला,
लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणारा एक तंत्रज्ञ
नाशिक